एकात एक मिळवणारं यंत्र

जुनं यंत्र दिसलं की त्याचं बटण दाबून बघावंसं वाटणं हा मनुष्यस्वभाव आहे. माळ्यावर आजोबांचा रेडिओ सापडला तर धूळ पुसायच्या आधी आपण प्लग शोधायला लागतो. ‘बघू तरी, चालतोय का!’ असं म्हणत घरातली सगळी मंडळी भोवती जमतात, आणि पुढच्या क्षणी एक बारीकसा ‘फट्’ आवाज होऊन तो रेडिओ कायमचा शोभेची वस्तू होतो.

जुने मिनीकॉम्प्युटर पुन्हा चालू करण्याचं वेड असलेली काही माणसं या जगात आहेत. त्यांच्या वेडाचा पहिला नियमच असा, की बटणाला हात लावायचा नाही. आज नाही, उद्या नाही, कदाचित या पावसाळ्यातही नाही. एका बटणासाठी इतका धीर धरणारी माणसं या काळात निघावीत, याचंच मला आधी अप्रूप वाटलं. मग मी त्यांच्या उद्योगाकडे जरा बारकाईने बघायला लागलो. स्वतः यातलं काही न करता दुसऱ्याचे कष्ट आरामखुर्चीतून बघण्यात एक निर्मळ आनंद असतो.

मिनीकॉम्प्युटर या नावावर जाऊ नये. अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन, म्हणजे डेक, या कंपनीने 1965 साली पीडीपी-8 नावाचं यंत्र बाजारात आणलं. किंमत अठरा हजार डॉलर, आणि वजन शंभर किलोच्या वर. जाहिरातीसाठी त्यांनी ते फोक्सवॅगनच्या उघड्या बीटलमध्ये मागच्या सीटवर बसवून त्याचा फोटो काढला. शंभर किलोचा ऐवज मागच्या सीटवर मावला, याचं कौतुक व्हावं असा तो काळ होता. कारण तोपर्यंतचे कॉम्प्युटर मोठाल्या वातानुकूलित खोल्यांत राहत, पांढऱ्या कोटातले पुजारी त्यांची सेवा करत, आणि सामान्य माणसाला काचेबाहेरून दर्शन मिळे. पीडीपी-8 मात्र थेट प्रयोगशाळेतल्या टेबलावर येऊन बसला.

डेकचा संसारही मोठा मजेशीर होता. 1957 साली केन ओल्सन आणि हार्लन अँडरसन या दोन इंजिनिअरांनी सत्तर हजार डॉलरच्या भांडवलावर तो थाटला, तो मॅसॅच्युसेट्समधल्या मेनार्ड गावी, लोकरीच्या जुन्या गिरणीत. कॉम्प्युटर म्हटलं की पैसे घालणाऱ्यांच्या पोटात गोळा येई, म्हणून त्यांनी आपल्या यंत्रांना ‘प्रोग्रॅम्ड डेटा प्रोसेसर’ असं भारदस्त आणि निरुपद्रवी नाव दिलं. पीडीपी म्हणजे तेच. आपल्याकडे मुंबईतल्या गिरण्या बंद पडल्या आणि त्यांच्या जागी मॉल उभे राहिले. मेनार्डच्या गिरणीतून मात्र कॉम्प्युटर बाहेर पडले, आणि त्यातल्या एकट्या पीडीपी-8च्या घराण्यातले पन्नास हजारांहून अधिक विकले गेले.

आता त्याची बुद्धी किती, ते सांगतो. त्याच्या मूळ स्मृतीत बारा बिटांचे 4096 शब्द मावत. आजच्या हिशेबात सहा किलोबाइट. सोसायटीच्या ग्रुपवर रोज पहाटे येणारं गुलाबाचं फूल आणि त्याखालचं ‘शुभ सकाळ’ एवढंसुद्धा त्याच्या डोक्यात मावलं नसतं. तरी याच डोक्यावर त्याने प्रयोगशाळेतली मोजमापं सांभाळली, कारखान्यातली यंत्रं हाकली आणि वर्तमानपत्रांची अक्षरजुळणी केली. जागा कमी असली की माणूस काटकसरीने विचार करतो. प्रोग्रॅम लिहिणारा एकेक शब्द वाचवण्यासाठी रात्ररात्र जागायचा, आणि एक शब्द वाचला की दुसऱ्या दिवशी चारचौघांत मिरवायचा.

असं एखादं यंत्र विद्यापीठाच्या तळघरातून, बंद पडलेल्या कारखान्यातून किंवा कुणा निवृत्त इंजिनिअरच्या गॅरेजमधून उचलून आणलं जातं. आणणारा बहुधा स्वतःही निवृत्त असतो. घरच्यांना ‘एक छोटीशी वस्तू आणतोय’ असं सांगितलेलं असतं. मग चार माणसं ती छोटीशी वस्तू टेंपोतून उतरवतात, आणि घरातली गाडी त्या दिवसापासून रस्त्यावर उभी राहायला लागते.

पहिले काही आठवडे फक्त बघण्यात जातात. प्रत्येक कोनाचे फोटो काढायचे. सर्किटची कुठली पाटी कुठल्या खाचेत होती, ते लिहून ठेवायचं. मग साफसफाई. पंख्याच्या तोंडाशी बसवलेल्या फोमचा इतक्या वर्षांत काळा चिकट चुरा झालेला असतो आणि तो आत सगळीकडे पसरलेला असतो. उंदरांनी वीण घातलेली असेल तर त्यांचा बाडबिस्तरा निघतो. उंदराचं मूत्र तांब्याला खातं, त्यामुळे हा प्रश्न नुसता किळसेचा नसतो. ज्या गृहस्थाने घरात कधी केरसुणी हातात धरली नाही, तो इथे मऊ ब्रश घेऊन तासन्‌तास धूळ टिपत बसतो. घरची मंडळी हे दृश्य दारातून बघतात आणि मनात नोंद करून ठेवतात.

यानंतर वीज. म्हणजे लगेच यंत्राला नव्हे. आधी वीजपुरवठ्याचा भाग बाकीच्या यंत्रापासून सोडवून वेगळा काढायचा. त्यात डब्याएवढाले कपॅसिटर असतात, आपले पंखा दुरुस्त करणारे ज्यांना कंडेन्सर म्हणतात ते. अल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर ऑक्साइडचा एक सूक्ष्म थर असतो आणि त्याच्या जिवावर हा कपॅसिटर वीज धरून ठेवतो. यंत्र वर्षानुवर्षं बंद राहिलं की तो थर झिजतो. अशा वेळी एकदम पूर्ण दाबाची वीज सोडली तर ती त्या थराला न जुमानता आरपार जाते, कपॅसिटर तापतो, फुगतो आणि फुटतो. रेडिओतून आलेला तो ‘फट्’ आवाज बहुधा हाच. पण वीज अगदी थोडी, मग किंचित जास्त, मग आणखी किंचित, अशी तासन्‌तास देत गेलं तर तो थर पुन्हा तयार होतो. दीर्घ उपासानंतर माणसाला पंगतीला बसवत नाहीत, आधी पेज देतात, तसं.

ही पेज पाजायचं साधन म्हणजे डिमरस्टॅट. गोल चकती फिरवली की शून्यापासून हळूहळू व्होल्टेज वाढवणारं ते जड डबडं. पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत ज्यांनी वर्षं काढली त्यांना ते आठवत असेल, आणि त्याचा बसलेला झटकाही. सोबत सिरीजमध्ये एक साधा बल्ब लावतात. कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भगभगून पेटतो आणि यंत्र वाचतं. सहा किलोबाइटच्या कॉम्प्युटरचं रक्षण करायला साठ वॅटचा बल्ब पहाऱ्यावर ठेवायचा, हा मला या सगळ्या खटाटोपातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. हुशार माणसाच्या दारी साधा रखवालदार असला की घर सुरक्षित राहतं.

वीज सुधारली की पाट्यांची पाळी. पहिल्या पीडीपी-8मध्ये आजच्यासारखी चिप नव्हतीच. सुटे ट्रान्झिस्टर आणि डायोड जोडलेल्या छोट्या छोट्या पाट्या, त्यांना डेकने फ्लिप चिप असं नाव दिलं होतं, शेकड्यांनी खाचांत खोचलेल्या असत. प्रत्येक पाटी उपसायची, तिच्या कडेचे सोनेरी दात स्पिरिटने पुसायचे आणि पुन्हा तिथेच खोचायची. दात खोडरबरने घासावेत की नाही यावर या मंडळींत दोन तट आहेत. एक तट म्हणतो, खोडरबरसारखा उपाय नाही. दुसरा म्हणतो, अरे, ते सोनं आहे, घासून घालवाल! दोन्हीकडची माणसं साठी उलटलेली, विद्वान आणि आपापल्या मतावर ठाम. असे वाद आपल्याला मुळीच नवे नाहीत. उकडीच्या मोदकाच्या पारीवरून आपल्याकडे याहून कडाक्याचे झाले आहेत.

मग एके दिवशी सगळं जोडून खरोखर किल्ली फिरवली जाते. पंखे घरघरतात. साचलेली धूळ तापल्याचा वास येतो. आणि यंत्राच्या तोंडावरचे दिवे लागतात.

या दिव्यांबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण पीडीपी-8चा सगळा प्रामाणिकपणा त्या दिव्यांत आहे. पुढच्या फळीवर ओळीने बारीक दिवे असतात. एक ओळ यंत्र आत्ता स्मृतीच्या कुठल्या घरात आहे ते दाखवते, दुसरी तिथे काय सापडलं ते, तिसरी ॲक्युम्युलेटरमध्ये म्हणजे हिशेबाच्या पाटीवर काय लिहिलंय ते. लागलेला दिवा म्हणजे एक, विझलेला म्हणजे शून्य. यंत्र अडकलं तर कुठे अडकलं ते तोंडावर दिसतं. आजच्या यंत्रासारखं एक गोल चक्र फिरवत ठेवून ‘कृपया प्रतीक्षा करा’ असं गुळमुळीत बोलत नाही.

दिव्यांखाली बारा खटके असतात. यंत्राशी पहिलं बोलणं या खटक्यांनी होतं. जुन्या पीडीपी-8ला शिकवण्याचा पहिला धडा दोन शब्दांचा असतो. अष्टमान पद्धतीत, म्हणजे फक्त शून्य ते सात एवढेच अंक वापरून, 200 नंबरच्या घरात 7001 लिहायचं आणि 201 नंबरच्या घरात 5200. पहिल्याचा अर्थ, एक मिळव. दुसऱ्याचा अर्थ, मागे जा. मग सुरू करायचं. यंत्र एक मिळवतं, मागे जातं, पुन्हा एक मिळवतं. हे इतक्या वेगाने चालतं की सेकंदाला लाखो वेळा बेरीज होते, आणि हिशेबाच्या ओळीतले सगळे दिवे अर्धवट उजेडात नुसते मिणमिणताना दिसतात. मोजणी डोळ्यांनी बघायची असेल तर यंत्र एकेक पाऊल टाकेल असा खटका लावून प्रत्येक वेळी बोटाने पुढे ढकलायचं.

हा क्षण त्या गॅरेजात दिवाळीचा असतो. गृहस्थ धावत स्वयंपाकघरात जातात.

‘झालं! चालू झालं!’

‘हो का? छान. काय करतं ते?’

‘एकात एक मिळवतं.’

‘मग पुढे?’

‘पुढे आणखी एक मिळवतं.’

‘बरं,’ असं म्हणून ती माउली गॅस बारीक करते. या ‘बरं’मध्ये किती वर्षांचा संसार आहे, हे विवाहित वाचकांना सांगायला नको.

पण एकात एक मिळवता येणं म्हणजे लिहितावाचता येणं नव्हे. या यंत्राला वीज दिली तरी त्याच्या अंगी काहीच विद्या नसते. ज्याच्या जिवावर आपला फोन स्वतःहून जागा होतो, तसा कायमचा कोरलेला धडा त्याच्यात नव्हता. प्रोग्रॅम असत कागदी पट्टीवर पाडलेल्या भोकांत. आणि पट्टी वाचायची कशी, हे सांगणारा प्रोग्रॅम पुन्हा पट्टीवरच. आता पट्टी वाचता येण्यासाठी पट्टी आधी वाचलेली हवी, हा पेच सोडवायचा कसा? तर खटक्यांनी. रिम लोडर नावाचा सोळा आज्ञांचा एक अगदी छोटा प्रोग्रॅम माणसाने स्वतः बोटांनी, बारा बारा खटके वरखाली करून, 7756 या घरापासून पुढे भरायचा. त्या सोळा आज्ञांना एवढंच येतं की एक छोटी पट्टी कशीबशी वाचायची. त्या छोट्या पट्टीवर बिन लोडर नावाचा दुसरा, जरा शहाणा प्रोग्रॅम असतो. तो मग मोठी पट्टी वाचतो, आणि त्या मोठ्या पट्टीतून खरं काम करणारा प्रोग्रॅम आत येतो. आधी बाळबोध, मग पुस्तक पहिलं, मग पुढची इयत्ता. सोळा आज्ञांत एक खटका चुकला तर यंत्र ओरडत नाही, तक्रार करत नाही, नुसतं स्वस्थ बसतं. मग पुन्हा पहिल्या घरापासून एकेक दिवा तपासायचा.

पट्टी वाचायचं काम टेलिटाइपचं. एएसआर-33 नावाचं हे धूड छापतं, टंकतं, पट्टी वाचतं आणि पट्टीला भोकंही पाडतं; सगळं सेकंदाला दहा अक्षरं या वेगाने. स्मृती पूर्ण भरायची तर भोकांच्या आठ हजारांवर ओळी वाचाव्या लागतात, त्याला सुमारे चौदा मिनिटं लागतात. त्या चौदा मिनिटांत खडखडाट इतका, की खोलीत दुसरं काही बोलता येत नाही. जुन्या टेलिटाइपच्या हातोडीवरच्या रबराचा हमखास चिखल झालेला असतो, तो खरवडून नवं रबर बसवावं लागतं. ज्यांना आज एखादी फाइल उतरायला चार सेकंद लागले तरी घाम फुटतो, त्यांनी एकदा तरी टेलिटाइपसमोर बसून चौदा मिनिटं काढावीत. प्रपंचात फार उपयोगी पडेल.

या सगळ्यात एक गोष्ट मला कथेसारखी वाटते, पण ती साधी भौतिकशास्त्रातली वस्तुस्थिती आहे. या यंत्राची स्मृती चुंबकीय आहे. तारांच्या जाळीत ओवलेले बारीक बारीक फेराइटचे मणी, प्रत्येक मणी म्हणजे एक बिट. बाराला 4096ने गुणलं की 49,152 मणी. असे मणी त्या काळी कारखान्यांतून बायका हाताने ओवत. मणी एकदा या दिशेला किंवा त्या दिशेला चुंबकित झाला की वीज गेली तरी तसाच राहतो. म्हणजे ज्या संध्याकाळी कुणीतरी ते यंत्र शेवटचं बंद करून घरी गेलं, त्या संध्याकाळचा प्रोग्रॅम वीस-तीस वर्षांनीही त्या मण्यांत तसाच असू शकतो. म्हणून जाणकार माणसं नवा धडा भरण्याआधी जुनं जे काही असेल ते कागदावर उतरवून घेतात. गंमत अशी की ही स्मृती वाचली की पुसली जाते. प्रत्येक वेळी वाचून झाल्यावर यंत्राला ती लगेच पुन्हा लिहावी लागते. वाचून परत जागेवर ठेवायची ही सवय यंत्राला आहे. आमच्याकडून पुस्तकं नेणाऱ्यांना ती लागलेली नाही.

कुणी विचारेल, एवढा उपद्व्याप कशाला? पीडीपी-8ची नक्कल करणारे प्रोग्रॅम फुकट मिळतात. डेकमध्येच मोठ्या हुद्द्यावर काम केलेल्या बॉब सुपनिक यांनी सिमएच नावाचा असा प्रोग्रॅम करून ठेवला आहे. ऑस्कर व्हर्म्यूलन यांनी तर रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरवर चालणारी छोटी प्रतिकृती केली आहे, खटके आणि दिवे सगळं बसवून. ती टेबलावर मावते, तिच्यात उंदीर होत नाहीत आणि घरातली गाडी आपल्या जागी राहते. तशी ही जुनी यंत्रं सगळीच काही निरुपयोगी झालेली नाहीत. पीडीपी-8चा धाकटा भाऊ पीडीपी-11 हा 1970 सालचा. युनिक्स ही कार्यप्रणाली आणि सी ही भाषा याच घराण्याच्या मांडीवर वाढली. कॅनडातल्या अणुवीज केंद्रांत पीडीपी-11 कामाला आहेत आणि 2050 पर्यंत ते सांभाळायला माणसं हवी आहेत, अशी बातमी 2013 साली आली होती. म्हणजे ऐंशी वर्षांची नोकरी! आपल्याकडे अठ्ठावन्नला सत्कार करून छत्री देतात.

मला विचाराल तर या खटाटोपाचं कारण उपयोग हे नाहीच. कारण असं, की तो करता येतो. डेक कंपनी 1998 साली कॉम्पॅकने विकत घेतली, पुढे कॉम्पॅकही एचपीत विरघळली. नावाची पाटी गेली, गिरणीतून मंडळी उठली. पण डेकने यंत्राबरोबर त्याचे पूर्ण नकाशे दिले होते. प्रत्येक पाटीचं सर्किट, प्रत्येक तार कुठून निघून कुठे जाते ते, प्रत्येक आज्ञेला यंत्राच्या पोटात काय काय घडतं ते, सगळं छापील. त्या चोपड्या कुणीकुणी जपल्या. त्यातल्या कितीतरी बिटसेव्हर्स या संग्रहात आज कुणालाही बघायला मिळतात. म्हणून साठ वर्षांपूर्वीच्या यंत्रातला मेलेला ट्रान्झिस्टर एका निवृत्त माणसाला गॅरेजात बसून शोधता येतो. माझा फोन तीन वर्षांत म्हातारा झाला तेव्हा दुकानातल्या मुलाने तो उघडलासुद्धा नाही. काच आणि बॅटरी डिंकाने चिकटवलेली, नकाशा कुठेच नाही. ‘काका, नवीन घ्या,’ असं तो म्हणाला. त्याचंही खरं होतं. जे यंत्र आपल्या पोटात काय आहे ते सांगत नाही, त्याला कुणी जागं करू शकत नाही.

ही गोष्ट फक्त मेनार्डची नाही. आपल्याकडे ट्रॉम्बेला 1969 साली टीडीसी-12, म्हणजे ट्रॉम्बे डिजिटल कॉम्प्युटर, तयार झाला. तोही बारा बिटांचाच. पुढे हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने टीडीसी-312 आणि टीडीसी-316 अशी त्याची भावंडं काढली. ही यंत्रं ज्यांनी जोडली, ज्यांनी खटक्यांनी त्यांना पहिला धडा दिला, ती माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्यातल्या कुणाकुणाच्या कपाटात त्या काळचे नकाशे, टिपणवह्या, भोकं पाडलेल्या पट्ट्या असतील, आणि घर रंगवायला काढलं की रद्दीवाल्याच्या तराजूत जाणाऱ्या ढिगात पहिला नंबर त्यांचाच असेल.

तेव्हा तुमच्या घरात, कॉलेजच्या अडगळीत किंवा कंपनीच्या गोदामात असं काही निघालं, तर एक करा. यंत्र ठेवायला जागा नसेल तर नाइलाज आहे, ते जाऊ द्या. पण त्याबरोबरचे कागद जाऊ देऊ नका. त्यांचे नीट फोटो काढा किंवा स्कॅन करा, कुठल्या यंत्राचे आणि कुठल्या सालचे ते वर लिहा, आणि एखाद्या ग्रंथालयाला किंवा संग्रहालयाला देऊन टाका. आणि ज्यांनी त्या यंत्रावर काम केलं ते आजोबा घरात असतील, तर त्यांच्याशेजारी बसून खटके कसे टाकायचे ते एकदा विचारून लिहून घ्या. ते सांगतील, आणि तुम्ही विचारलंत त्यापेक्षा पुष्कळ जास्त सांगतील. तेही लिहून घ्या.